दोन वाजताची पट्टी

ओरिसियाबाई मेल्निचुक यांच्याशी मी एकोणीस वर्षं भांडलो आणि एकदाही जिंकलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी त्यांची तारीफ करायला लागलो तर कुणी म्हणायला नको की क्लेटननं काहीतरी खाल्लंय.

मी पॉपलर फोर्ड नगरपालिकेचा रस्ते आणि गटारांचा मुकादम. बाई खरेदी अधिकारी. माझ्या खात्याला साधं फावडं लागलं तरी त्यांच्या दारात उभं राहायचं, आणि उभं राहिलं की एकच प्रश्न, तीन दुकानांचे दर आणलेस का? फावड्याला तीन दर, झाडूला तीन दर. एकदा मी नाल्यात घसरलो, बूट फाटले, आणि तसाच थबथबत त्यांच्यापुढं गेलो की नवे रबरी बूट द्या. बाईंनी चष्म्यावरून माझ्या पायाखालच्या तळ्याकडं बघितलं आणि तीन दर आणायला सांगितलं. ओल्या मोज्यांनी मी तीन दुकानं हिंडलो, मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. तिसऱ्या दुकानात बूट खरंच निम्म्या किमतीत मिळाले, पण ते मी त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही.

बुटक्या, गोल, ठसठशीत बाई. केस करडे, आवाज मास्तरणीचा. त्यांच्या टेबलामागं भिंतीला एक लाकडी पेटी ठोकलेली होती. मूळची ती युक्रेनी चर्चची दानपेटी. चर्चनं नवी केली तेव्हा बाईंनी जुनी मागून आणली. टेंडरचे सीलबंद लखोटे त्या पेटीत पडायचे. किल्ली बाईंच्या गळ्यात, चष्म्याच्या साखळीला. पेटीच्या वर घड्याळ, ते त्या रोज दुपारी रेडिओच्या टोल्याशी जुळवायच्या. टेंडर बंद व्हायची वेळ कायम दोनची. दोनला मिनिट कमी असताना बाई खुर्चीतून उठायच्या, चिकटपट्टीचा वीतभर तुकडा फाडून धरायच्या, आणि सेकंदकाटा बारावर आला की पेटीच्या फटीवर चिकटवून टाकायच्या. संपलं. त्यानंतर खुद्द बिशप लखोटा घेऊन आले असते तरी हात हलवत परत गेले असते. गावात ती पट्टी इतकी मुरली होती की चर्चला निघताना बायका नवऱ्यांना म्हणायच्या, आटप लवकर, पट्टी लागेल.

बाई यायच्या आधी आमच्याकडं टेंडरं कुठं उघडली जायची? कधी नगराध्यक्षांच्या गाडीच्या बॉनेटवर, कधी बिअरच्या गुत्त्यात. कुणाचा लखोटा कधी आला, कुणी कुणाचा आकडा आधी पाहिला, देव जाणे. त्यामुळं पट्टीला शिव्या देणारे आम्हीच, आणि आपला लखोटा पेटीत पडला की निवांत झोपणारेही आम्हीच.

आता या पट्टीचा सगळ्यात मोठा फटका कुणाला बसला असेल? त्यांच्याच घराला. स्टेफको, म्हणजे बाईंचा नवरा, रस्त्यावरचा बर्फ काढायचा. स्वतःचं मोठं यंत्र होतं त्याचं, पिवळंधमक, रोज पुसायचा. बावीस वर्षांपूर्वी गावच्या रस्त्यांचं तीन हिवाळ्यांचं टेंडर निघालं. बाईंनी नवऱ्याला सांगून टाकलं की या कागदांबद्दल मला घरात एक अक्षर विचारायचं नाही. बिचाऱ्यानं एकट्यानं फॉर्म भरला. दिवसभर भरला. आणि दोन वाजून चार मिनिटांनी धापा टाकत कचेरीत आला. पट्टी लागलेली होती. बाईंनी नवऱ्याच्या लखोट्यावर 'उशिरा आला, न उघडता परत' असा शिक्का मारला आणि लखोटा त्याच्या हातात दिला. पेटीत दोन लखोटे होते, त्यातल्या कमी दराच्या माणसाला काम गेलं. पुढच्या वसंतात स्टेफकोनं यंत्र विकलं आणि शाळेची बस चालवायला लागला.

संसार मोडला नाही. पण तो लखोटा स्टेफकोनं उघडला नाही आणि फेकलाही नाही. फ्रीजवर ब्रेडच्या डब्याखाली ठेवून दिला. जेवण वाढायला जरा वेळ झाला की घड्याळाकडं बघून म्हणायचा, "चार मिनिटं झाली. न उघडता परत करू का?" आम्ही जेवायला गेलो की हसायचो. बाई हसत नसत. त्या दिवशीचा दुसऱ्या माणसाचा जिंकलेला आकडा त्यांना तोंडपाठ होता, आणि नवऱ्याचा आकडा फ्रीजवर होता. त्यांनी मनात आणलं असतं तर चाकू घेऊन दोन सेकंदांत उघडला असता. बावीस वर्षं त्यांनी तो डबा पुसला, पण खालचा लखोटा कधी उचलला नाही.

तर त्या वर्षीचा पूर. हिवाळाभर कमरेएवढा बर्फ पडला आणि एप्रिलमध्ये ऊन असं तापलं की लिट्ल एल्क नदी दोन दिवसांत पुलाच्या खांबांना चाटायला लागली. खालच्या आळीत साठ घरं, म्हाताऱ्यांचा आश्रम, आणि तिसऱ्या गल्लीत माझं घर. शुक्रवारी दुपारी पाणी सगळ्यात जास्त चढणार, असं सोमवारी सकाळी हवामान खात्यानं सांगितलं. बांध घालायला वाळू मुबलक होती. पोती नव्हती. गोदामात जुनी सहा हजार निघाली, हवी होती सेहेचाळीस हजार.

मी धावत बाईंकडं गेलो. म्हटलं, तीन दर-बिर काही नाही, सरहद्दीपलीकडं शेजारच्या सॅस्कॅचवान प्रांतात लॉर्न हाउगेन या व्यापाऱ्याच्या गोदामात पोती रचून पडलीत, फोन करा आणि मागवा. बाई म्हणाल्या, पालिकेनं आपत्ती जाहीर केली की मी फोनवर हत्तीसुद्धा मागवीन, तोवर टेंडर. आता आपत्ती जाहीर करायला सातांपैकी चार नगरसेवक हवेत. एक ॲरिझोनात ऊन खात होता, एकाच्या गायी व्यायला लागल्या होत्या आणि तो गोठ्यातून हलेना, दोघं बर्फावरच्या दगडांच्या खेळाच्या स्पर्धेला दोनशे मैलांवर गेले होते. बैठक लागली बुधवारी संध्याकाळी सातला.

मग बाईंनी सोमवारीच टेंडर काढलं. चाळीस हजार रिकामी पोती, गुरुवारी सकाळी सहाच्या आत गावात पोच, लखोटे बुधवारी दुपारी दोनपर्यंत. आजूबाजूच्या सहा व्यापाऱ्यांना फॅक्स केला, त्यात हाउगेनही. मला म्हणाल्या, त्याच्याकडं पोती असतील तर भरेल की. मी दार आपटून बाहेर पडलो. त्या दाराची बिजागरी आधीच सैल होती, ती निघाली. बाईंनी मला हाक मारून परत बोलावलं आणि बिजागरीसाठी तीन दर आणायला सांगितलं.

बुधवारी दोनला आम्ही पेटीपुढं जमलो. मी, पाणीपट्टीच्या खिडकीवरची मॅव्हिस, आणि नगराध्यक्ष विल्फ. विल्फ धंद्यानं न्हावी. बँकेच्या मॅनेजरचं डोकं अर्धं भादरून तसाच पळत आला होता, आणि मॅनेजरही मागोमाग आलेला, गळ्यात पांढरं फडकं, उजवी बाजू चकाचक, डावीकडं जंगल. त्याचंही घर खालच्या आळीत होतं. कुणाला हसू आलं नाही, यावरून ओळखा काय अवस्था होती ती.

सेकंदकाटा बारावर आला, पट्टी लागली, किल्ली फिरली. पेटीत एक लखोटा. शहरातल्या एका बड्या कंपनीचा. बाईंनी तो नेहमीच्या आवाजात वाचला. नाव, दर, आणि पोच सोमवारी. सोमवारी. म्हणजे पोती घ्यायला आम्हाला होडीतून जावं लागलं असतं. बाईंनी कागदावर रेघ मारली आणि सांगितलं, अटीत बसत नाही, बाद. विल्फ मट्कन खाली बसला. मॅव्हिस रडायला लागली, आणि मी खिडकीतून नदी कुठवर आली ते बघायला लागलो, जणू बघून ती थांबणार होती.

दोन वाजून वीस मिनिटांनी दार उघडलं आणि लॉर्न हाउगेन शीळ घालत आत आला. उंच, ऐसपैस माणूस. हातात लखोटा, मिशीत केकाचा चुरा. अर्ध्या तासापूर्वीच गावात पोचलो, म्हणाला, वेळ भरपूर होता म्हणून समोरच्या कॅफेत बसून मनुक्यांचा केक खाल्ला, झकास होता, दोन तुकडे खाल्ले. त्यानं सगळ्यांकडं हसून बघितलं आणि मनगट पुढं केलं. त्याच्या घड्याळात एक वीस झाले होते.

सांगायला लाज वाटते, पण आमच्यापैकी एकाच्याही हे डोक्यात आलं नव्हतं. हिवाळाभर सरहद्दीच्या दोन्ही बाजूंची वेळ एकच असते. मार्चमध्ये आम्ही घड्याळं तासभर पुढं ढकलतो, सॅस्कॅचवानवाले ढकलत नाहीत. माझी बायको त्या बाजूची. दर मार्चमध्ये माझी सासू मला रात्रीच्या जेवणाला बोलावते आणि मी पोचतो तेव्हा तिनं बटाटे सोलायलाही घेतलेले नसतात. हाउगेन आमच्या गावात बसून, आमच्या कचेरीकडं तोंड करून, आमच्याच मनुक्यांचा केक खात, सॅस्कॅचवानच्या वेळेनं आरामात होता.

"वीस मिनिटं उशीर झाला, हाउगेनसाहेब," बाई म्हणाल्या. शाईच्या पॅडवर शिक्का दाबला, लखोट्यावर मारला आणि लखोटा त्याच्या हातात परत दिला.

मग जो गोंधळ उडाला तो सांगून सोय नाही. विल्फ बाईंच्या हातापाया पडायला लागला, म्हणाला, अगं ओरिसिया, आपण एका वर्गात शिकलो, संध्याकाळी सातला आपत्ती जाहीर करून देतो, घेऊन टाक तो लखोटा. बाई म्हणाल्या, सातला जाहीर झालेली आपत्ती सातपासून सुरू होते, दोन वीसला नाही. हाउगेन भडकला. नदीच्या खालच्या अंगाच्या एका गावानं त्याला सकाळपासून तीन फोन केले होते आणि तेही चाळीस हजार मागत होते. चारपर्यंत कळवतो असं तो त्यांना सांगून आला होता. अर्ध्या डोक्याचा मॅनेजर मधेच म्हणाला की घड्याळ थोडं मागं करता येणार नाही का, आणि बाईंनी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं गळ्यातलं फडकं डोक्यावर घेतलं.

आणि मग मी बोललो. माझी जीभ कधी मला विचारून हलत नाही, त्या दिवशीही न विचारताच हलली.

"चार मिनिटांसाठी नवऱ्याचा धंदा बुडवलात, बाई. आता वीस मिनिटांसाठी गाव बुडवा."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्या आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. मॅव्हिसनं मला कोपरानं असं ढोसलं की बरगडी दोन दिवस दुखत होती. बरोबरच होतं तिचं. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं होतं, पण नदी आधी घेणार अशीच चिन्हं होती.

खरं सांगू? तेव्हा मला त्यांचा राग येत होता, पण आता कळतं, त्यांच्यापुढं काय वाढून ठेवलं होतं ते. हाउगेनचा लखोटा घेतला तर बावीस वर्षांपूर्वी स्टेफकोला परत पाठवलं ते कशासाठी? आणि नाही घेतला तर आश्रमातल्या म्हाताऱ्यांना काय सांगायचं?

आतून टाइपरायटरचा खडखडाट ऐकू आला. कॉम्प्युटर होता, पण घाईत बाईंचा टाइपरायटरवरच विश्वास. दोन वाजून एकतीस मिनिटांनी त्या कागद घेऊन बाहेर आल्या. त्यांनीच कधीकाळी लिहिलेल्या खरेदीच्या नियमांत एक कलम होतं. टेंडरला अटीत बसणारा एकही लखोटा आला नाही, तर ते रद्द करून नवं काढता येतं, आणि मुदत किती द्यायची ते प्रसंग बघून खरेदी अधिकाऱ्यानं ठरवायचं. नवं टेंडर, चाळीस हजार पोती, तीच अट, बंद व्हायची वेळ आज तीन वाजता.

"एकोणतीस मिनिटं आहेत," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना सारखीच."

आणि पळापळ सुरू झाली. मॅव्हिसनं साही व्यापाऱ्यांना फॅक्स लावले. विल्फ समोरच्या रेडिओ केंद्रात पळाला आणि चालू गाणं बंद पाडून त्यानं टेंडर वाचून दाखवलं, शेवटी उत्साहाच्या भरात आपल्या दुकानाचा पत्ताही सांगितला. मी नोटीस दारावर चिकटवायला गेलो तर बिजागरी नसलेलं दार माझ्याच अंगावर आलं. सहावा फॅक्स गेल्याची पावती हातात पडेपर्यंत बाईंनी हाउगेनला कोरा फॉर्म दिला नाही. जुना लखोटा चालणार नाही म्हणाल्या, तो परत केलेला आहे, सगळं नव्यानं भरा.

हाउगेन मॅव्हिसच्या टेबलाशी बसला. त्यानं पेन मागितलं. बाई म्हणाल्या, टेंडर भरणाऱ्याला कचेरीनं कसलीही मदत करायची नाही. मी खिशातलं माझं स्वतःचं पेन दिलं, ते कचेरीचं नव्हतं, तीन दर आणून घेतलेलंही नव्हतं. तो भराभरा लिहू लागला. पानं उलटता उलटता त्यानं विचारलं, "सही नक्की कुठं करायची?"

मॅव्हिस छताकडं बघायला लागली. बाईंनी त्याच्याकडं पाठ केली आणि पेटीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांची मान लाल झालेली मला दिसली. का, ते तेव्हा कळलं नाही. हाउगेननं पानं पुन्हा पहिल्यापासून चाळली, शेवटी जागा सापडली, सही ठोकली, थुंकी लावून लखोटा बंद केला आणि पेटीत टाकला. दोन वाजून एकावन्न मिनिटं.

आता नऊ मिनिटं बसून राहायचं होतं. तेवढ्यात पायऱ्यांवर खडखड झाली आणि बेकरीवाली डोब्रोस्लावाकाकू आत आली. ऐंशीची म्हातारी, हाताला पीठ. रेडिओ ऐकून तिनं टेंडर आणलं होतं, पावाच्या कागदी पिशवीत घालून, बटाट्याच्या खळीनं चिकटवून. मी म्हटलं, काकू, हे काय. ती म्हणाली, गप रे, मी नागरिक आहे. बाईंनी पिशवी उलटसुलट बघितली, बंद आहे याची खात्री केली आणि पेटीच्या फटीकडं बोट दाखवलं. पिशवी काही केल्या जाईना. शेवटी काकूनं मुठीनं ठोकून आत घातली, दोन वाजून एकोणसाठला. पट्टी लागली.

बाईंनी आधी काकूची पिशवी उघडली. त्याच आवाजात वाचली, एक शब्द इकडचा तिकडं नाही. डोब्रोस्लावा हुमेनी यांची बेकरी, पिठाची रिकामी पोती दोनशे बारा, दर काही नाही, पोच आत्ता, बाहेर हातगाडीत आहेत. सोबत कोबीच्या गुंडाळ्यांचं एक पातेलं, तेही फुकट. सही होती, तारीख होती, सगळं होतं. बाईंनी चष्मा पुसला. मग म्हणाल्या, संख्या अपुरी, टेंडर म्हणून बाद, देणगी म्हणून साभार स्वीकार. मग हाउगेनचा लखोटा. चाळीस हजार, पोच आज संध्याकाळी सात. विल्फ अर्ध्या डोक्याच्या मॅनेजरच्या गळ्यात पडला आणि दोघं कचेरीभर नाचले. मीही नाचलो असतो, पण बरगडी दुखत होती.

रात्रीपासून सगळं गाव हॉकीच्या मैदानातल्या छपराखाली पोती भरत होतं. गुरुवारी दुपारी मी तिथं होतो. स्टेफको फावडं मारत होता, बाई शेजारी पोत्यांची तोंडं बांधत होत्या. स्टेफकोनं रेडिओ ऐकला होता. कुणाकडं न बघता तो म्हणाला, "परक्या माणसाला एकोणतीस मिनिटं. मला चार नव्हती."

बाईंचे हात थांबले. "तेव्हा पेटीत दोन चांगले लखोटे होते, स्टेफको. वेळेवर आलेले. त्या माणसांना मी काय सांगितलं असतं?"

स्टेफकोनं मान हलवली, पण ती हो म्हणणारी होती की नाही ते मला कळलं नाही. दोघं संध्याकाळपर्यंत एका पोत्यावर काम करत होते, एकानं भरायचं, दुसऱ्यानं बांधायचं, आणि मधे एक शब्द नाही. माझ्याच तोंडातून निघालेलं हे सगळं, म्हणून मी तिथून लांब जाऊन वाळू उपसत बसलो.

शुक्रवारी पाणी बांधाच्या माथ्याखाली एक वीत येऊन थांबलं. अख्खं गाव बांधावर उभं होतं. कुणी टाळी वाजवली नाही, न जाणो नदीला राग यायचा. रविवारी ते उतरायला लागलं तेव्हा मात्र लोक वेडे झाले. डोब्रोस्लावाकाकूनं भर रस्त्यात नाच केला आणि आश्रमातल्या दोन म्हाताऱ्यांनी तिला लग्नाची मागणी घातली. काकूनं तिसऱ्या म्हाताऱ्याचाही दर मागवला.

सोमवारी सकाळी मी बाईंची माफी मागायला कचेरीत गेलो. घरून पाठ करून गेलो होतो. तोंड उघडतोय तोच स्टेफको आत आला, बसच्या ड्रायव्हरची टोपी घालून, हातात तो लखोटा. पिवळा पडलेला, एका कोपऱ्यावर मधाचा डाग. त्यानं तो टेबलावर ठेवला.

"उघड," तो म्हणाला. "मला दर वर्षी वाटतं उघडावा, आणि दर वर्षी भीती वाटते. आता तूच उघड."

बाईंचा हात गळ्यातल्या किल्लीकडं गेला, जिचा इथं काही उपयोग नव्हता. मी निघायला लागलो. त्या म्हणाल्या, क्लेटन, थांब, उघडताना साक्षीदार लागतो.

त्यांनी चाकूनं लखोटा कापला आणि उभ्या राहून वाचायला लागल्या, टेंडरच्या आवाजात. स्टेफान मेल्निचुक, रस्त्यांवरचा बर्फ काढणे, तीन हिवाळे. मग आकडा वाचला. आणि आवाज थांबला. दुसऱ्या माणसाचा आकडा त्यांना पाठ होता. स्टेफकोचा त्याहून कमी होता, बराच कमी. काम त्याचंच झालं असतं.

मी जमिनीकडं बघत होतो. स्टेफको टोपी हातात घेऊन उभा होता. त्याचा चेहरा जिंकल्यासारखा अजिबात नव्हता, उलट आपण हे का आणलं असं त्याला झालं असावं. सवयीनं बाईंनी पुढचं पान उलटलं, मग त्याच्या पुढचं. शेवटच्या पानावर बोट फिरत फिरत खाली आलं आणि तिथंच राहिलं.

"सही नाही," बाई म्हणाल्या.

"काय?"

"सही नाही केलीस, स्टेफको. वेळेवर आला असतास तरी मला सगळ्यांसमोर बाद करावा लागला असता."

स्टेफकोनं वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग डोकं खाजवून म्हणाला, "घरात सही कुठं करायची ते तूच बोट ठेवून दाखवायचीस. त्या दिवशी तुला विचारायची सोय नव्हती."

आधी बाई हसल्या. एकोणीस वर्षांत मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं, त्यामुळं मला क्षणभर वाटलं काहीतरी पडलं. मग त्या खुर्चीत बसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या, चष्मा साखळीला लोंबकळला, किल्ली त्यावर वाजत होती. स्टेफकोही हसायला लागला. मॅव्हिस खिडकी सोडून पळत आली, काय झालं म्हणून विचारत होती, पण सांगायच्या अवस्थेत कुणीच नव्हतं, मी तर नव्हतोच.

थोड्या वेळानं बाईंनी डोळे पुसले, कागद नवऱ्यापुढं सरकवला आणि मोकळ्या रेघेवर बोट ठेवलं.

"इथं," त्या म्हणाल्या.

मी माझं पेन पुढं केलं. स्टेफकोनं जीभ दाताखाली धरून, सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली. बाईंनी ती नीट तपासली, घड्याळाकडं बघितलं, आणि शिक्का उचलून तिच्या शेजारी मारला, उशिरा आला. मग कागद घडी करून त्याच्या हातात दिला आणि संध्याकाळी जेवायला काय करू ते विचारलं.